सहा दाते

आधी वास आला.
इस्त्रीखाली कापड विसरलं की येतो तसा,
पण त्यात लोखंड मिसळलेलं.
तीन हात नाक्याच्या सिग्नलला मी शेजारच्या टेम्पोकडे
संशयाने पाहिलं. त्याने माझ्याकडे.

मग आवाज. मागून.
पाटीवर ओली पेन्सिल ओढल्यासारखा,
वेग उतरला की लांबत जाणारा.
मी रेडिओ मोठा केला. चार दिवस.

शुक्रवारी वागळे इस्टेटला एलिझर झिराडकरांकडे गेले.
"दिवस बुडायच्या आत झालं तर आज, नाहीतर रविवारी."
शनिवारी ते पान्याला हात लावत नाहीत.
शेजारच्या सीटवर बसून म्हणाले, रोड नंबर सोळापर्यंत चला,
ब्रेक न मारता जमेल तेवढं.

परत आल्यावर एकेका चाकाशी उकिडवे बसले.
तळहात नाही, हाताची मागची बाजू,
तवा तापला का बघतात तशी, न टेकवता.
पुढचं डावं कोमट. पुढचं उजवं कोमट.
मागच्या दोन्हींपाशी हात वीतभर आधीच मागे आला.
बाटलीतलं पाणी शिंपडलं. चर्र.

"एकच असतं तर सिलिंडर म्हणालो असतो.
दोन्ही, म्हणजे कुणीतरी दोघांना एकदम धरून ठेवलंय."

जॅक. लाकडाचे ठोकळे. हँडब्रेक खाली.
चाक हाताने फिरवलं: पाव फेरा, बस्स,
हाक मारल्यावर कूस बदलून पुन्हा निजणाऱ्यासारखं.
ऑइलचा नट सैल केला. चार थेंब. चाक तसंच.
"पायाचा दोष नाही."
मग गाडीखाली सरकले, बाहेर फक्त चपला,
आणि केबलचा नट आटे-आटे मागे घेतला.
चाक सुटलं.
चहावाला पोरगा किटली धरून बघत राहिला
इतका वेळ फिरलं.

ड्रमच्या आत काळी बुकटी,
करपल्या पातेल्यासारखे निळे डाग,
शूजवर काचेची चकाकी.
"आवाज याचा," नखाने खरवडत ते म्हणाले.
"केबल इतकी आवळली कुणी?"

आधीच्या गॅरेजवाल्याने, मी म्हटलं.
खोटं नव्हतं.

त्याच्या डोक्यावर मी उभी होते, हे फक्त सांगितलं नाही.
ऑक्टोबरात गायमुखच्या चढाला गाडी माझ्या हातातून
मागे गेली होती, दोन फूट, फार तर तीन,
मागे रिक्षा, रिक्षात शाळेची तीन दप्तरं.
काही झालं नाही. रिक्षावाला शिवीसुद्धा हसत देऊन गेला.
दुसऱ्या दिवशी मी त्या माणसाला म्हटलं, आवळा.
तो म्हणाला, पुरे. मी म्हटलं, अजून.
लिव्हर दुसऱ्याच दात्यावर दगड व्हायचा.
तेवढंच हवं होतं मला.
चार महिने घोडबंदर रोडवर
थांबलेली गाडी चालवत होते,
आणि पेट्रोल पितेय म्हणून पंपाला नावं ठेवत होते.

झिराडकर नव्या शूजची स्प्रिंग ताणून बसवत होते.
वर न बघता म्हणाले, "चढावर घसरली होती ना कधी?
आवळून आणणारे सगळे चढावरूनच येतात."

पावणेसहाला शटर अर्धं ओढलेलं.
घरून दोनदा फोन: दिवा लावायचा की थांबायचं?
"मोजा," ते मला म्हणाले.
एक, दोन, तीन, अजून सैलच, मला घाम,
चार, पाच, सहा. थांबला.
"सहा दाते. कमी करायला कुणाकडे जाऊ नका."

सरळ घरी गेले नाही.
गायमुखला, चढाच्या ऐन पोटात, सगळं थांबलं.
मागे डंपर, आरशात फक्त त्याची जाळी.
मोजले.
गाडी जराशी मागे रेलली,
पदर सावरून बसावं तेवढीच.

वर पोचल्यावर कडेला उतरले,
हाताची मागची बाजू चाकाजवळ नेली,
मग टेकवली.
धूळ लागली. बाकी काही नाही.